दोन सूत

पहिल्या दिवशी मगदूम सरांनी एकही रेष काढू दिली नाही.
मिरजेच्या आयटीआयचा लांबट हॉल, चाळीस पोरं, दोन पोरी,
प्रत्येकाच्या हातात एकेक टूएच पेन्सिल.
'आधी टोक काढा,' म्हणाले. 'शार्पनर खिशात ठेवा.
ब्लेडनं लाकूड सोला, शिसं पॉलिशपेपरवर घासा,
छिन्नीसारखं चपटं.
सुईसारखं टोक दोन इंचांत बसतं.
चपटं शीटच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत टिकतं.'

माझी सगळ्यांत आधी झाली.
सरांनी अंगठ्यावर टेकवून पाहिली, हजेरीत नाव शोधलं:
नसीम शिकलगार.
'अच्छा,' एवढंच म्हणाले
आणि पुढच्या बाकाकडे गेले.

मग आठवडाभर आडव्या रेषा. नुसत्या आडव्या.
टी-स्क्वेअर डाव्या हातानं दाबून धरायचा,
पेन्सिल ओढायची, ढकलायची नाही.
स्केचिंगच्या तासाला पट्टी, कंपास सगळं दप्तरात.
'रेघ सरळ हवी तर टोकाकडे बघू नका,
जिथं पोचायचंय त्या ठिपक्याकडे बघा.
गोल हवा तर आधी चौकोन काढा,
बाजूंचे मध्य घ्या, आणि वही फिरवा.'
माझ्या शेजारचा बिरू हाके तरीही बटाटेच काढायचा.
सर म्हणायचे, 'बटाटाही चालेल. अक्ष दाखव.'

दिवाळीआधी गृहपाठ: घरातली एक वस्तू, तीन दृश्यं.
समोरून, वरून, बाजूनं.
कुणी काड्यापेटी घेतली, कुणी पाट, बिरूनं लोटा.
मी अब्बांच्या धारेच्या गाड्याचं लाकडी चाक,
पायानं फिरतं ते,
ज्यावरून चामड्याचा पट्टा वर सहाणेकडे जातो.
व्यास अठरा इंच, म्हणजे चारशे सत्तावन्न मिलिमीटर.
प्रमाण एकास चार.
दिसतं ते ठळक. झाकलंय ते तुटक.
मध्यरेषा लांब, आखूड, लांब,
आणि ती चाकाच्या कडेला थांबत नाही,
दोन्हीकडून थोडी बाहेर निघते.

अब्बा लक्ष्मी मार्केटातून आले,
उसाचा सीझन, दिवसभर कोयतेच कोयते.
हात धुतले, शीटला न शिवता वाकून पाहिलं.
'देखणं झालंय. पण ह्ये माझं चाक न्हवं.'
'तेच आहे अब्बा. मोजलंय मी.'
'कसं मोजलंस?'
'आडवं.'
'आता उभं मोज.'

उभं दोन सूत कमी भरलं.
बावीस वर्षं पायाचा जोर
दर फेऱ्याला त्याच जागी येत होता.

सोमवारी सरांना विचारलं, कुठलं काढू?
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
खिडकीतून वर्कशॉपच्या पत्र्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले, 'शीट सुतारासाठी असते गं.
काय बनवायचं ते तिच्यात.
काय झालंय ते वहीत काढ.'
शीटला दहापैकी सात दिले.
व्यासाची खूण विसरले होते, एक बाण जाड होता.

त्याच शीटवरून बुधगावच्या सुतारानं नवं चाक केलं.
मध्यावर भोक, केसभरही फरक नाही.
अब्बा आठवडाभर खूश,
मग जेवताना म्हणाले, बोलत न्हाई ते.
जुनं दर फेऱ्याला टक् करायचं,
त्या टक्-वर ते कात्री उलटी धरायचे.
आता त्यांनी नव्या चाकाच्या कडेला
चपलेच्या चामड्याचा तुकडा ठोकलाय.
बरोबर दोन सूत जाडीचा.
मोजला नव्हता, मी मोजला.

शीट हॉलच्या भिंतीवर आहे, शाईनं गिरवलेली.
वहीतलं चाक वहीतच.
एका अंगानं बसकं, एबीची काळी रेघ पसरलेली,
खाली अब्बांची टाच आलीय, ती खोडायची राहिली.
कोपऱ्यात बारीक अक्षरात:
प्रमाणात नाही.